पत्र्यावरच्या पट्ट्या

मी डूख धरणारी बाई आहे. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, तेव्हा इथंही लपवत नाही. लोक सांगतात, सोडून द्यावं, मन हलकं होतं. ज्याला हलकं व्हायचं त्यानं व्हावं. सांगलीतल्या त्या डॉक्टरला मी सोडलेलं नाही. तो आता म्हातारा झालाय म्हणे, काठी घेऊन सकाळचा फिरायला जातो. फिरू दे. लोक त्याला साहेब म्हणतात, मी इथं त्याला 'तो'च म्हणणार.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आम्ही कुपवाडला राहायचो आणि एमआयडीसीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमधे मी कामाला होते. तिथं प्लॅस्टिकचं भंगार यायचं. आम्ही सात-आठ बाया ते निवडायचो, मशिनीत त्याचा चुरा व्हायचा, चुऱ्याचा दाणा व्हायचा, आणि पुढं त्या दाण्याचे डबे, टमरेलं, पोरींच्या केसांच्या क्लिपा. सांगली-मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळं निम्मं भंगार दवाखान्यांचंच. सलाईनच्या बाटल्या, नळ्या, सिरिंजा. सिरिंज आली की सुई उपटायची, दट्ट्याचं काळं रबर काढायचं, नळी एका ढिगात आणि दट्ट्या दुसऱ्या ढिगात टाकायचा. वापरलेले रबरी हातमोजेसुद्धा पोत्यातून यायचे. आम्ही ते उघड्या हातांनी वेगळे काढायचो.

सुई रोज कुणाला तरी टोचायचीच. टोचली की बोट तोंडात धरायचं, थुंकायचं आणि पुढची सिरिंज उचलायची. शेजारची म्हणायची, "घे, फुकट इंजेक्शन झालं." सगळ्या हसायच्या. कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं की त्या सुईच्या टोकावर काय बसलेलं असतं.

बाटल्यांवर चिकटपट्टी असायची. बेडचा नंबर, पेशंटचं आडनाव, तारीख असं काहीबाही नर्सांनी पेनानं त्यावर लिहिलेलं. ती पट्टी तशीच मशिनीत गेली तर दाणा चिकट व्हायचा आणि शेडमालक डोकं खायचा. म्हणून आम्ही ती नखानं सोलायचो. मग ती बोटाला चिकटायची, बोट झटकलं तरी सुटायची नाही, म्हणून पाठीमागच्या पत्र्यावर पुसून टाकायची. प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली, त्यामुळं प्रत्येकीच्या पाठीमागं पत्र्यावर तिच्या तिच्या पट्ट्यांचा थर. आम्ही त्याच्याकडं कधी वळूनही बघितलं नाही.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, तिला साताऱ्याकडं दिली होती, उंब्रजच्या आत एका गावात. नवरा सैन्यात. आमची आई न्हाणीत पडून तिचा पाय मोडला, म्हणून अक्का माहेरी आली आणि पाय सांधेपर्यंत राहिली. नुसतं बसून राहणं तिच्या अंगात नव्हतं. दुपारचं आईचं आवरलं की माझ्याबरोबर शेडवर यायची आणि माझ्या शेजारी बसून निवडायची.

एका सोमवारी एका मोठ्या दवाखान्याचं पोतं आलं. दर सोमवारी यायचं ते, तिथला कंपाउंडर हातगाडीवरून पाठवायचा. अक्कानं नळ्यांचा गुंता ओढला आणि आतली जाड सुई तिच्या उजव्या अंगठ्यात सरळ घुसली. रक्ताची धार लागली. मी म्हणाले, "घे, फुकट इंजेक्शन." ती हसली, अंगठा चोखला, पदराची चिंधी बांधली आणि कामाला लागली.

तीन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. भूक मेली, लघवी काळपट, चार पावलं टाकली की दम. आधी गावठी औषध झालं, मग आम्ही तिला त्याच दवाखान्यात नेली, कारण सांगलीत नाव त्याचंच होतं. रक्त तपासलं. तेवढ्यात सासू-सासरे गावाकडनं बघायला आले. रिपोर्ट आला तेव्हा त्याच्या केबिनमधे आम्ही चौघं होतो. अक्का, तिची सासू, सासरा आणि मी.

तो म्हणाला, बी प्रकारची कावीळ आहे. अक्कानं अंगठा पुढं केला. म्हणाली, "साहेब, तुमच्याच पोत्यातली सुई घुसली हुती मला. कुपवाडच्या शेडमधी. लय रक्त आलं हुतं."

त्यानं अंगठ्याकडं बघितलं. मी त्याचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते, त्याला त्या क्षणी सगळं कळलं होतं. डॉक्टरच तो. पण म्हणाला काय, "आमच्या दवाखान्यातून काहीही बाहेर जात नाही. सगळं आम्ही मागं जाळतो." मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

सासरा म्हणाला, "मिलिट्रीत हाय पोरगं."

"शेवटचे कधी आले होते?"

"धा महिनं झालं."

तो अक्काकडं न बघता सासऱ्याकडं बघून म्हणाला, "हा आजार रक्तातून होतो आणि संबंधातूनही होतो. मी काय सांगणार. तुम्ही समजदार आहात."

एवढंच. सहा-सात वाक्यं. स्वतःच्या दवाखान्याची पोती झाकायला त्यानं माझ्या बहिणीची अब्रू पांघरूण म्हणून ओढली. सासरा उठला तो सरळ बाहेर गेला. सासूनं अक्काला हातसुद्धा लावला नाही. त्याच दिवशी दोघं गावाला निघून गेली, आणि पंधरवड्यानं अक्काची लग्नातली ट्रंक एस.टी.च्या टपावरून आमच्या स्टँडवर उतरली. नवऱ्याचं एक आंतरदेशीय पत्र आलं. त्यात होतं, घरचे म्हणतील तसं. मोठा बंदूकवाला गडी, आणि आईबापापुढं हे शब्द.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रंक यायच्या आधीच, केबिनमधल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्या दवाखान्यात गेले आणि दारातच तोंड सोडलं. वॉचमननं दंडाला धरून फाटकाबाहेर काढली. बाहेर काढली म्हणून मी मागच्या बाजूला गेले. तिथं त्याचं जाळायचं टीपाड होतं. आत चार कापसाचे बोळे आणि जुने केसपेपर जळलेले. बुडाला पावसाचं पाणी, त्यात डासाची पिल्लं. म्हणे सगळं आम्ही जाळतो. त्या दिवसापासून माझं एकच ठरलं. ह्या माणसानं जे तोंडानं सांगितलंय ते ह्यानं तोंडानंच परत घ्यायचं, आणि जिथं त्याचं विष पोचलंय तिथं जाऊन घ्यायचं. बाकी त्याला शेडमधे दिवसभर उघड्या हातानं सुया उपटायला बसवावं असंही मनात यायचं. अजून येतं.

पण नुसत्या रागानं काय होतंय. माझ्या हातात काही नव्हतं. सासू-सासरे निघून गेल्याच्या अकराव्या दिवशी मी शेडमधे पाणी प्यायला उठले, पाठ पत्र्याला घासली आणि ब्लाऊजला एक पट्टी चिकटून आली. सोडवताना बघितलं तर तिच्यावर जांभळा शिक्का. त्या दवाखान्याचा शिक्का, नावागावासकट.

आता हा शिक्का पट्टीवर कसा, तर त्याचा कंजूषपणा. आमच्या गल्लीत त्याच्याकडची एक आया राहायची, तिनं सांगितलं. नर्सा चिकटपट्टीच्या गुंडाळ्या घरी नेतात असा त्याला संशय. म्हणून नवी गुंडाळी आली की ती सगळी उलगडून वीत-वीतभर अंतरावर शिक्का मारून घ्यायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. हे काम एका नर्सला लावलेलं. म्हणजे पट्टीचा तुकडा कुठंही गेला तरी ओळखू यावा. आला की ओळखू.

मी अक्काच्या जागेमागचा पत्रा न्याहाळला. शिक्केच शिक्के. वर नर्सांच्या हातचं बेड नंबर, आडनाव, तारीख. ज्या सोमवारी अक्काला सुई टोचली त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांच्या तारखांच्या पट्ट्या एका रांगेत, जशा तिनं त्या दिवशी पुसल्या तशा. मी बायांना हाक मारली. शेडमालक जेवायला गेल्यावर आम्ही पाना घेऊन चार बोल्ट काढले आणि सबंध पत्रा खाली उतरवला. मालक परत आला, भिंतीला पडलेलं भगदाड बघितलं, आमच्याकडं बघितलं. म्हणाला, "पावसाच्या आत लावा म्हंजे झालं." चांगला माणूस होता, भित्रा होता एवढंच.

पत्रा हातगाडीवर घालून आम्ही पाचजणी सकाळी ओपीडीच्या वेळेला गेलो. वॉचमन आडवा आला, पण पाच बायका आणि एक पत्रा, तो कुणाकुणाला धरणार. वेटिंगच्या खोलीत भिंतीला पत्रा टेकवून उभा केला आणि मी त्याच्या शेजारी उभी राहिले. काही बोलले नाही. पेशंट वाचायला लागले. रिकामं बसलेलं माणूस काहीही वाचतं. एक म्हातारे गृहस्थ चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आवं, ही तर माझी बाटली. आठ नंबरचा बेड. आडनाव माझंच हाय की." मग सगळी खोलीच उठून आपापलं आडनाव शोधायला लागली.

आतून बोलावणं आलं. तो घामेजला होता. ते बघून मला जे सुख झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"माझ्या भनीच्या सासरी चला आन तवा सांगितल्यालं परत घ्या."

"मी पत्र लिहून देतो. लेटरहेडवर."

"तवा काय लेटरहेडवर सांगितलं हुतं व्हय? तोंडानं सांगितलं हुतं, तोंडानंच परत घ्या."

तो म्हणाला, रविवारी बघू. रविवार गेला, दुसरा गेला. आणि माज बघा, सोमवारी त्याचं पोतं नेहमीसारखं शेडवर हजर. तेव्हा आम्ही बायांनी आमचा कायदा केला. पोत्यात एक जरी सुई सापडली तर ते पोतं ज्याचं त्याच्या दारात नेऊन ओतायचं. निवडायचं नाही, पुन्हा भरायचं नाही, तसंच ओतायचं. पहिलं पोतं त्याचं. ओपीडीच्या वेळेला, त्याच्या फाटकात, पांढऱ्या गाडीच्या पुढं. दुसऱ्या सोमवारीही तेच. बाकीच्या दवाखान्यांना ही बातमी लागली आणि त्यांच्या पोत्यातल्या सुया आपोआप कमी झाल्या. पुढं सरकारचा नियम आला, रंगीत पिशव्या आल्या, सुया कापायची यंत्रं आली, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचं आलं. कुपवाडच्या सात-आठ अडाणी बायांनी हे आधीच चालू केलं होतं, आणि ते काही समाजसेवा म्हणून केलं नव्हतं. मला त्याचं वाईट करायचं होतं, त्यात इतरांचं बरं झालं.

तो शेवटी वाकला तो एका भाषणामुळं. नियमाची कुणकुण लागली होती आणि डॉक्टर लोकांनी एका हॉलमधे कार्यक्रम ठेवला होता, दवाखान्यातल्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी. वक्ता कोण, तर तो. आयानं मला पत्रिका आणून दाखवली. मी तिच्याकडून निरोप पाठवला, भाषणाला मी पत्रा घेऊन येते. तिसऱ्या दिवशी शेडमालकाच्या फोनवर त्याचा फोन आला, उद्या सकाळी निघू.

अक्का तोवर उठून फिरायला लागली होती, पण अंगावरचं सगळं मांस उतरलं होतं. मी तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "कशाला?" मी म्हणाले, "कशाला म्हंजे? तुला धुतल्या तांदळासारखी करून परत घरात घालते का न्हाई बघ." तिनं गुमान नवी साडी नेसली. त्याच्या गाडीत आम्ही मागं बसलो, तो पुढं ड्रायव्हरच्या शेजारी. पेठ नाका गेला, कऱ्हाड गेलं. मला आतून उकळ्या फुटत होत्या. वर्षभर मी हा दिवस मनात रोज बघत होते. सगळ्या आळीसमोर तो मान खाली घालतोय, त्याची जीभ अडखळतेय, सासरा त्याच्या अंगावर धावून जातोय.

झालं भलतंच. गाडी त्यांच्या आळीतल्या बुद्धविहारापुढं, सासऱ्याच्या दारालगत थांबली आणि एवढी मोठी गाडी बघून माणसं जमली. सासऱ्यानं लोखंडी खुर्ची काढली, तिच्यावर चादर टाकली. तो बसला आणि शांतपणे, अगदी गोड आवाजात बोलला. म्हणाला, "तुमच्या सुनेला सुईतूनच संसर्ग झाला. सुई आमच्या दवाखान्यातली होती. माझी सांगण्यात चूक झाली. तिच्या चारित्र्यात काही खोट नाही." एक शब्द अडखळला नाही. भाषणाची सवय.

मी सासऱ्याकडं बघत होते, आता उठेल, आता उठेल. तो उठला. आत गेला आणि टोपी-टॉवेल आणि नारळ घेऊन आला. "एवढा मोठा माणूस आमच्यासारख्याच्या दारात येऊन चूक कबूल करतो," म्हणाला, आणि त्यानं माझ्या बहिणीच्या वैऱ्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. सासू पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "देवमाणूस हाय." मी तिथं दात खात उभी. त्याला मी तोंडाला काळं फासायला आणला होता.

मग सासूला सून आठवली. अक्का अजून पायरीखालीच उभी होती. सासू म्हणाली, "ये गं, आत ये. तुझंच घर हाय."

अक्का म्हणाली, "आत्या, ह्येच मी सांगितलं हुतं. त्या दवाखान्यात, तुमच्यासमोर, ह्याच शब्दात."

"व्हय गं, पर आता साहेबांनी सोता सांगितलं न्हवं?"

"मग साहेबांनाच ठेवून घ्या," अक्का म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

तो टोपी काढायची विसरला होता, तसाच बघत राहिला. त्या एका क्षणासाठी त्याचा सगळा सत्कार मी त्याला माफ केला असता. केला नाही ती गोष्ट वेगळी. मी अक्काच्या मागं पळाले. ड्रायव्हर म्हणाला, सोडतो. अक्का म्हणाली, त्या गाडीत मी बसणार न्हाई. हायवेपर्यंत आम्ही पायी आलो, भर उन्हात, आणि सगळ्या वाटेनं मी बडबडत होते. कसं ठेवून दिलं म्हातारीला, कसं थोबाड झालं त्याचं, आता नवरा नाक घासत येईल तेव्हा बघ.

स्टॉपवर ती म्हणाली, "तू बी इचारलं हुतंस."

"काय?"

"त्या दिवशी, ती दोघं गावाला गेल्यावर. नळावर. 'अक्का, खरं सांग, कोन हाय का?' म्हनालीस. मी न्हाई म्हनलं तर हंडा उचलून गेलीस. मग अकरा दिवस माझ्यासंगं धड बोलली न्हाईस."

मी दवाखान्यात जाऊन तोंड सोडलं होतं ते खरं. टीपाडात वाकून बघितलं होतं तेही खरं. बाहेर मी तिच्यासाठी भांडत होते आणि घरात तिच्या ताटाला ताट लावत नव्हते. तिच्या अंगठ्यातलं रक्त मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं, तरी. पत्र्यावरची पट्टी ब्लाऊजला चिकटल्यावर मी पळत घरी गेले होते आणि तिच्या गळ्यात पडले होते. तेव्हा ती काही बोलली नव्हती. मला वाटलं होतं, तिला काही कळलंच नाही.

एस.टी. आली. निम्मी रिकामी होती. अक्का खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. मी तिच्या सीटशी दांडी धरून उभी राहिले. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "आवं बाई, बसा की. जागा हाय." अक्का बाहेर बघत होती. तिनं पिशवी उचलली नाही, आणि मी सांगलीपर्यंत उभी आले.